गाडीच्या पडद्यासाठी ठेवलेला नारळ

माझ्या गाडीला आमच्या गल्लीत सगळे 'शववाहिका' म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण मला ऐकू येतं. मागून लांबलचक, डिकी आणि मागची सीट यांच्यामध्ये भिंत नसलेली, वीसेक वर्षांपूर्वीची एस्टेट गाडी आहे ती. आपल्याकडे ती फारशी खपली नाही, पुढे बनायचीही बंद झाली, आणि मी निवृत्त झाल्यावर पुण्याहून ती जुनी उचलून आणली. बायको म्हणाली, "दोन माणसांना एवढी गाडी? मागे वर्ग भरवणार आहात काय?" मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, म्हणून हा टोमणा. मी तिकडे कानाडोळा केला. मला त्या गाडीतली सगळ्यात आवडलेली वस्तू तिला दाखवायची होती, डिकीतला पडदा.

मागच्या सीटच्या पाठीशी एक आडवी नळी असते. तिच्यात काळ्या रेक्झिनचा पडदा गुंडाळलेला असतो. तो ओढून मागच्या दाराजवळच्या दोन खाचांत अडकवला की खालचं सामान झाकलं जातं, आणि सोडला की आतल्या स्प्रिंगमुळे सर्रकन नळीत परत जातो. सुरुवातीला मी येणाऱ्याजाणाऱ्याला तो ओढून दाखवायचो. माणसं "वा" म्हणायची आणि घरी जायची. पुढे पुढे मीच दाखवायचा थांबलो.

समोरच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत एक भाडेकरू राहतो. पंचेचाळिशीचा असेल. आमच्या रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर बर्फाच्या कारखान्यात कामाला आहे, कधी तिथला टेम्पोही चालवतो. गाव लांज्याच्या बाजूला आत, तिथे त्याची आई एकटीच राहते. गेल्या जानेवारीत म्हातारी अंगणात घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. रत्नागिरीत ऑपरेशन झालं. दहा दिवसांनी घरी सोडलं, पण तिला बसवून नेता येईना. तेव्हा तो आमच्या फाटकाशी येऊन उभा राहिला.

"सर, तुमच्या गाडीत आयेला आडवी नेता येईल काय ओ?"

"अरे, विचारायचं काय त्यात," मी म्हणालो. हे वाक्य मी जरा मोठ्यानेच म्हणालो, कारण शेजारच्या वहिनी कपडे वाळत घालत होत्या. मी त्याला सीट कशी पाडायची ते दाखवलं. पडद्याची नळी एका टोकाला आत दाबली की सुटते, तीही काढायला लावली. ती त्याने आपल्या खोलीत नेऊन ठेवली. आईला गावी पोचवून आल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी धुऊन, नळी जागच्या जागी बसवून, तो चावी देऊन कामावर गेला. पुढच्या सीटवर एक कापडी पिशवी होती, म्हातारीने पाठवलेले कुळीथ. त्या दुपारी आम्ही कुळथाची पिठी आणि भात जेवलो. मी दोनदा पिठी मागून घेतली, हे मला चांगलं आठवतं, कारण संध्याकाळी मी काय केलं तेही आठवतं.

संध्याकाळी बाजारातून येताना मी सामान डिकीत टाकलं आणि पडदा ओढला. तो खर्रर करत अर्धा आला आणि अडकला. पुढेही येईना, मागेही जाईना. एका बाजूला वीतभर फाटलेला. हिसका दिला तेव्हा आत काहीतरी सुटल्यासारखं वाटलं आणि पडदा मेल्यासारखा लोंबकळत राहिला.

माझा राग नाकावर असतो. वर्गात त्याचा उपयोग व्हायचा, गल्लीत होत नाही. कोपऱ्यावर मासेवाली टोपली मांडून बसली होती, भोवती पाचसहा माणसं होती, आणि त्यांच्यात कामावरून परतलेला तोही होता. मी सरळ तिथे गेलो आणि म्हणालो, "पडदा मोडलास तो मोडलास, निदान सांगायचंस तरी."

त्याला आधी कळेचना. मग म्हणाला, "नाय ओ सर. काढला तसा ठेवला, ठेवला तसा लावला. मी तो ओढून पण बघितलेला नाय."

"मग काय आपोआप फाटला?"

"मला ठाव नाय. पण माझ्याकडनं नाय झालेला."

तो शांतपणे बोलत होता, आणि त्यामुळे मला आणखीच चेव आला. सगळे बघत होते. मासेवालीने बांगडे मोजायचे थांबवले. मी म्हणालो, "एवढी खात्री आहे तर नारळ ठेवशील काय तुझ्या देवापुढे?"

आमच्याकडे असं बोलायचं नसतं. दोन माणसांचे शब्द जुळेनासे झाले की गावच्या देवापुढे नारळ ठेवतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, आणि खरंखोटं बाहेर पडेपर्यंत तो नारळ तिथेच राहतो. त्याच्या गावात तर अशी रीत आहे की नारळ उतरेपर्यंत ठेवणाऱ्याने देवाच्या कुठल्याही मानाला हात लावायचा नाही. हे मला ठाऊक होतं, मी इथेच वाढलो. पण माझा स्वतःचा या कशावर विश्वास नाही, आणि ज्यावर आपला विश्वास नाही ते दुसऱ्याला फेकून मारायला सोपं जातं. मला फक्त त्याला गप्प करायचं होतं.

तो खरंच गप्प झाला. मग म्हणाला, "ठेवतो."

पुढच्या रविवारी तो एसटीने गावी गेला. सोमवारी सकाळी मी झाडांना पाणी घालत होतो तेव्हा फाटकाबाहेर सायकल थांबवून एवढंच बोलला, "ठेवला, सर." मी "बरं" म्हणालो. याहून शहाणं काही मला सुचलं नाही.

पडद्याचं काय करायचं ते मी गॅरेजवाल्याला विचारलं. त्याने नळी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, असला पार्ट आता मिळायचा नाही, कोल्हापूरला भंगारात बघा. महिनाभर इकडेतिकडे फोन केले. शेवटी एका दुपारी पडवीतल्या टेबलावर जुनी चादर घातली आणि स्वतःच नळी उघडायला घेतली. काम तसं माझ्या आवडीचंच होतं. टोकाच्या प्लास्टिकच्या टोपणाचे दोन स्क्रू काढले, टोपण हळूच सरकवलं, आतली सळई पकडीत धरून ठेवली, न जाणो स्प्रिंग अंगावर यायची. पण स्प्रिंगमध्ये जोरच उरला नव्हता. तिचं वाकडं टोक खाचेतून निसटलं होतं. माझ्या हिसक्याने ते निसटलं असणार, एवढं मी मनातल्या मनात कबूल केलं. पडदा आधी कसा फाटला, हा प्रश्न उरलाच होता.

मग मी पडदा पूर्ण उलगडला. आतल्या वळ्यांतून पेंढा पडला. भाताचा पेंढा, आंब्याच्या पेटीत घालतात तो. त्याच्यामागून लाकडाची एक ढलपी आली, बोटभर लांब, तिच्यात एक छोटा खिळा. खिळा गंजून तांबूस झालेला. आणि रेक्झिनवर, जिथे तो दाबून बसला होता तिथे, प्रत्येक वळ्याला गंजाचा एकेक डाग. पहिला गडद, पुढचा फिका, त्याच्या पुढचा आणखी फिका.

मी खुर्चीत बसलो.

त्याच्या आदल्या मे महिन्यात मेव्हण्याच्या बागेतून आठ पेट्या गाडीत घालून मी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात नेल्या होत्या. वरच्या पेट्या पडद्याहून अर्धं बोट उंच होत्या. ऊन लागू नये म्हणून मी पडदा त्यांच्यावरून ताणून, दाबून अडकवला होता. सोडला तेव्हा तो अडखळत आत गेला होता. त्यानंतर मी तो ओढलाच नव्हता. पावसाळाभर आमच्याकडच्या दमट हवेत तो खिळा आत बसून गंजला. लोखंडाला गंज चढायला ओलावा लागतो आणि वेळ लागतो, हे मी किती मुलांकडून पाठ करून घेतलं असेल. एका रात्रीत असे डाग पडत नाहीत. त्या माणसाने जन्मात कधी माझ्या गाडीतून आंबे नेले नव्हते.

बायको चहा घेऊन आली. तिला मी खिळा दाखवला. तिला समजावून सांगावं लागलं नाही, पेट्या भरताना ती होतीच. ती म्हणाली, "आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा."

"शिमगा होऊ दे," मी म्हणालो. शिमगा अकरा दिवसांवर होता. "आत्ता सांगितलं तर तो म्हणणार गावात चला. शिमग्याला आलेले मुंबईकर गाववाले असणार. उगाच एवढ्या गर्दीत..."

"बोललात तेव्हा गर्दी चालली तुम्हाला."

"शिमगा झाला की सांगतो म्हटलं ना."

"त्यांच्या घराला पालखीचा मान आहे. ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. शिमग्यात देवाची पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर येते, तिथून घरोघर फिरते, आणि ती पहिल्यांदा खांद्यावर घेऊन नाचवायचा मान त्याच्या घराचा. हे त्यानेच मला कधीतरी कौतुकाने सांगितलं होतं. बायको चहा तिथेच ठेवून आत गेली. जाताना म्हणाली, "मी जाऊन सांगणार नाही. तोंड तुमचं आहे."

मी गेलो नाही. त्याऐवजी पडदा दुरुस्त केला. फाटलेल्या जागी जुन्या छत्रीच्या कापडाचं अस्तर लावलं, जाड दोऱ्याने दुहेरी शिवण घातली. डाग घासले, ते गेले नाहीत. स्प्रिंगचं टोक पकडीने पुन्हा वाकवून खाचेत बसवलं. मग सळई हाताने फिरवून ताण भरायचा असतो. आधी आठ फेरे दिले, पडदा निम्म्यातच दमला. पंधरा दिले तेव्हा तो असा सुटला की माझ्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. शेवटी बारा फेऱ्यांवर जमलं. गाडीत बसवला, ओढला, सोडला, सर्रकन गेला. सांगायची लाज वाटते, पण मला आनंद झाला. चारपाच वेळा मी तो ओढला आणि सोडला. समोरच्या घरातून तो बघत असेल असं वाटल्यावर डिकी बंद केली.

त्या अकरा दिवसांत तो मला रोज दिसत होता. रोज "सर" म्हणून मान हलवत होता. मी आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. एकदा फाटकापर्यंत गेलोही, पण त्याच्या दारात आणखी दोघं बसलेले दिसले आणि मी दुधाची पिशवी आणायला निघाल्यासारखा पुढे गेलो. दूध सकाळीच येऊन गेलं होतं.

शिमगा आला आणि गेला. तो चार दिवस गावी जाऊन आला. परतल्यावर फाटकाशी भेटला, आणि आपल्याकडे शिमग्याहून आलेल्या माणसाला जे विचारायचं असतं तेच माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "काय, नाचवलीस का पालखी?"

विचारलं आणि माझे कान तापले.

तो म्हणाला, "यंदा बाजूलाच होतो, सर." एवढं बोलून सायकलला पाय लावला. मी त्याला थांब म्हणालो. तिथेच, फाटकाच्या आत उभा राहून, सगळं सांगितलं. पेट्या, खिळा, गंज. तो खाली बघत ऐकत होता. मला वाटलं तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"माझ्याकडे सांगून काय व्हायचं?" तो म्हणाला. "नारळ तिथं हाय. तिथं चार माणसांत सांगा."

पुढच्या रविवारी आम्ही दोघं माझ्या गाडीने त्याच्या गावी गेलो. तासभराच्या वाटेत तो फक्त वळणं सांगण्यापुरता बोलला. देवळात गुरव आणि गावचे पाचसहा मानकरी होते. मुंबईकर परत गेले होते, वाडी शांत होती. माझी सोय मी बरोबर पाहिली होती. देवापुढे एका कोपऱ्यात त्याचा नारळ होता, शेंडी सुकलेली.

गुरवाने मला समोर बसवलं आणि विचारलं, "काय वस्तू मोडली म्हणालात?"

"गाडीचा पडदा."

"खिडकीचा?"

"नाही, डिकीतला. सामानावर ओढतात तो."

गुरव अजीजीने म्हणाला, "मास्तर, मला नीट कळल्याशिवाय मी देवाला कसा सांगणार?" मग मी त्या देवळात, पाचसहा म्हाताऱ्यांपुढे, हातवारे करून नळी, स्प्रिंग, खाचा, सगळं समजावून सांगितलं. कुणी हसलं नाही. एकाने विचारलं, पेट्यांवर पडदा ओढायची गरज काय होती, पेट्यांना झाकणं असतात की.

मग गुरवाने विचारलं, "तुम्हाला कधी कळला?"

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं. फाटकाशी त्याला मी काय सांगितलं होतं? "कळलं" एवढंच. दिवस सांगितला नव्हता. देवावर माझा विश्वास नाही. खोटं बोललो असतो तर कुणाला कळणार होतं? पण तो माझ्या शेजारी मांडी घालून बसला होता आणि त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता.

"शिमग्याआधी," मी म्हणालो. "अकरा दिवस आधी."

त्याने गुडघा बाजूला घेतला.

गुरव उभा राहिला आणि गाऱ्हाणं घालू लागला. ह्या मास्तरांच्या हातनं चूक झाली. वस्तू ह्यांच्याच खिळ्यानं फाटली. मानकरी म्हणाले, "व्हय महाराजा." आळ तुझ्या लेकरावर घेतलानी. "व्हय महाराजा." कळल्यावर पण अकरा दिस गप ऱ्हायले, तुझ्या पालखीचा मान चुकवलानी. "व्हय महाराजा." आयुष्यभर मी वर्गात प्रश्न विचारले आणि मुलांनी एकसुरात उत्तरं दिली. इथे माझ्या प्रत्येक चुकीला पाचसहा म्हातारे एका सुरात होकार देत होते, आणि एकही होकार चुकीचा नव्हता. शेवटी माझ्याकडून नवा नारळ फोडून घेतला, जुना उचलून त्याच्या हातात दिला. त्याने तो कपाळाला लावला. पुढच्या शिमग्याला खांदा तुझाच, असं एक मानकरी त्याला म्हणाला. तो म्हणाला, "पुढच्या."

परत निघताना मी म्हणालो, आईला भेटून जाऊ. त्याने नको म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही. म्हातारी पडवीत जमिनीवर बसली होती. आम्हाला पाहून ती सरकली, दोन्ही हात जमिनीला रेटून, एक पाय ओढत. ऑपरेशनला अडीच महिने झाले होते. एव्हाना ती काठी घेऊन चालायला हवी होती.

मी त्याला विचारलं, "परत दाखवायला आणलं नाहीस का? सहा आठवड्यांनी बोलावलं असेल की."

तो काही बोलायच्या आत म्हातारीच म्हणाली, "तो केवढा मागं लागला. मीच नाय गेले. एकदा नेलान तर तुमची गाडी मोडली. माझ्या पायाचा, नाय तर पाठीचा भार आला असंल कुठंतरी. पोराला नारळ ठेवायला लागला माझ्यापायी. मी बोलले, आता मेले तरी कोणाच्या गाडीत निजणार नाय." मग माझ्याकडे वळून, अगदी काळजीने, तिने विचारलं, "झाला काय ओ बरा तुमचा पडदा?"

मी तिच्यासमोर खाली बसलो आणि तिला सांगितलं की तुमच्यामुळे काही मोडलं नव्हतं. दोनदा सांगितलं. ती मान हलवत राहिली. विश्वास बसला की नाही कळलं नाही, पण खूप विनवण्या केल्यावर गाडीत यायला तयार झाली, तेही पडद्याची नळी तिच्यादेखत काढून आत कपाटावर ठेवल्यावरच. मागची सीट पाडून, गोधडी घालून आम्ही तिला निजवलं आणि रत्नागिरीला आणलं.

सोमवारी सकाळी हॉस्पिटलात डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. सांधा आखडला होता, हाड थोडं वाकडं जुळलं होतं. चालतील, पण लंगडत, म्हणाले. वेळेवर आल्या असत्या तर हे टळलं असतं. आणि मग त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "आईला एकदा दाखवायला आणायला जमत नाही तुम्हाला? काय करता काय तुम्ही लोक?"

तो उभा होता.

"डॉक्टर, त्याची चूक नाही," मी म्हणालो. "माझ्यामुळे उशीर झाला."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही कोण यांचे?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो आईच्या अंगावरची चादर नीट करत होता. वर न बघता म्हणाला, "शेजारी."